तरानहादे, तराना आणि तिरोहित: मॅट्रिक्सचे फारसी शब्द

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. इराणी सहकाऱ्याच्या लिनियर अल्जेब्राच्या नोट्समध्ये मॅट्रिक्सच्या (म्हणजे ओळी-स्तंभांत मांडलेल्या संख्यांच्या) ट्रान्सपोजला, म्हणजे ओळींचे स्तंभ नि स्तंभांच्या ओळी केल्या की जे मिळतं त्याला, 'तरानहादे' असं लिहिलंय, तर हा शब्द फारसी की अरबी, आपल्या गाण्यातल्या 'तराना'शी त्याचं काही आहे का, आणि ऑफिसात कुणीतरी ठासून सांगितलं की तो संस्कृतमधून तिकडे गेलाय, ते खरं का.

पटकन उत्तर हवं असेल तर: शब्द अस्सल फारसी आहे, त्यात अरबी काहीच नाही. तरान्याशी संबंध शून्य. संस्कृतमधून गेलेला नाही, पण त्याचे दोन्ही तुकडे संस्कृतला सख्खे भाऊ लागतात. आणि शब्द जुना वाटला तरी जुना नाही, विसाव्या शतकात ठरवून घडवलेला आहे, तोही लॅटिनच्या साच्यावर. आता सविस्तर. मी वीस-बावीस वर्षं इंजिनियरिंगच्या पोरांना मॅट्रिक्स शिकवतोय आणि फारसीचा नाद मोडी कागद वाचता वाचता लागला, त्यामुळे हा विषय निघाला की मला थांबवणं अवघड असतं, आधीच सांगून ठेवतो.

तराना वाटणं साहजिक आहे, कारण मीही तिथेच आपटलो होतो. पुण्यात इराणी विद्यार्थी पुष्कळ यायचे, त्यातला एक माझ्याकडे शंका विचारायला यायचा आणि येताना तेहरानहून आणलेल्या पुस्तकाची झेरॉक्स घेऊन यायचा. मला वाटलं चला, आपल्याला लिपी येते, वाचून दाखवू. शब्द लिहिलेला होता ते, रे, अलिफ, नून, हे, अलिफ, दाल, हे. फारसीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत हे माहीत असेलच, आणि यातली पहिली पाच अक्षरं घेतली तर बरोब्बर 'तराने' म्हणजे गाणं होतं. मी ऐटीत 'तराने-आदे' असं काहीतरी वाचलं आणि वर अर्थही लावला, की गाण्यात कशी सम येते तसं काहीतरी असेल. पोरगं हसून हसून लाल झालं. मग त्याने पेन्सिलने तिसऱ्या अक्षरानंतर एक उभी रेघ मारली, तरा इकडे आणि नहादे तिकडे. नंतर माझ्या लक्षात आलं की डोळे उघडे ठेवले असते तर फसलो नसतो, कारण 'तराने'च्या शेवटच्या 'हे'चा आकार वेगळा असतो आणि इथे तो 'हे' मधे अडकून पुढच्या अलिफला जोडलेला आहे. पण घाईत कोण बघतं.

तर त्या रेघेच्या अलीकडचा तुकडा 'तरा'. हा उपसर्ग आहे, अर्थ 'पलीकडे, ओलांडून, आरपार'. मध्ययुगीन फारसीत 'तर', पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, अवेस्तात, 'तरो', आणि संस्कृतात याचा जोडीदार 'तिरस्'. लॅटिनमधला 'ट्रान्स' हाही त्याच घरातला. म्हणजे ट्रान्सपोर्ट, ट्रान्सफर, ट्रान्सफॉर्मर यातलं जे ट्रान्स तेच हे तरा. आपल्याकडे हा तिरस् तिरका, तिरपा, तिर्यक, तिरस्कार यात बसलाय, आणि त्याच्या मागचा धातू तर आपण रोज वापरतो. तरणे, तारणे, उतरणे, वितरण, अवतार, हे सगळं त्या एका 'तॄ'चं पिल्लावळ, नदी ओलांडणे हा त्याचा मूळ अर्थ.

फारसीकडे हाच धातू किती जुना आहे बघायचं असेल तर बिसोतूनला जावं लागतं. पश्चिम इराणात केरमानशाहजवळच्या कड्यावर पहिल्या दारयवुशाचा (म्हणजे डरायस) मोठा शिलालेख आहे, इसवी सन पूर्व ५२० च्या आसपासचा, त्यात तो सांगतो की अहुरमज्दाच्या कृपेने आम्ही तिग्रिस नदी ओलांडली, आणि 'ओलांडली'साठी शब्द आहे 'वियतरयामा'. मधला 'तरय' दिसतोय ना? आपला मराठी माणूस अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या दगडासमोर उभा राहिला तर निदान एवढं तरी त्याला ओळखीचं वाटावं.

रेघेच्या पलीकडचा तुकडा 'नहादे'. नहादन म्हणजे ठेवणे, आणि नहादे म्हणजे ठेवलेलं. मागे गेलं की हे 'नि' अधिक 'दा' असं सुटतं आणि हा 'दा' म्हणजे संस्कृतचा 'धा'. निधान, निधी, निहित यातला. त्याच दारयवुशाच्या नक्श-ए-रुस्तमच्या शिलालेखात सुरुवातीलाच आहे की अहुरमज्दा हा थोर देव आहे ज्याने 'इमाम बूमिम अदा', ही भूमी निर्माण केली. संस्कृतात तेच 'इमां भूमिम् अधात्' झालं असतं. असो, तर 'नहादे'चा संस्कृत जोडीदार नेमका 'निहित' आहे, तोही उपसर्ग नि, तोच धातू, तोच भूतकाळी प्रत्यय, फक्त आपल्याकडे शेवटी 'त' राहिला आणि त्यांच्याकडे त्याचा 'द' झाला.

आता जरा थांबून दोन्ही तुकडे जोडा. तिरस् अधिक निहित. मधला 'नि' काढला तर संस्कृतात एक तयार शब्द मिळतो, तिरोहित! आणि त्याचा अर्थ? अदृश्य झालेलं, लपलेलं. हे मला पहिल्यांदा सुचलं तेव्हा मी रात्री साडेअकराला एकटाच हसलो होतो. जवळजवळ त्याच विटा, पण इराणात त्यांच्यापासून 'पलीकडे ठेवलेलं' म्हणजे ट्रान्सपोज झालं आणि आपल्याकडे 'पलीकडे ठेवलं म्हणजे दिसेनासं झालं'. परीक्षेच्या पेपरात माझ्या पोरांच्या हातून ट्रान्सपोज करताना एखादा मायनस साइन तिरोहित होतोच, तेवढाच काय तो दोन्ही अर्थांचा मेळ.

म्हणून 'संस्कृतमधून गेला' हे म्हणणं चूक आहे. मोह होतो, मान्य, आणि आपल्याकडे हा मोह जरा जास्तच होतो. पण बघा, निहितमधला 'ह' आणि नहादेमधला 'ह' सारखा दिसतो म्हणून लोक म्हणतात घ्या पुरावा, आणि नेमका तोच उलटा पुरावा आहे. आपला 'ह' हा 'ध'चा 'ह' झालेला, 'हित' म्हणजे मूळ 'धित'. त्यांच्याकडे मुळात 'ध' नव्हताच, 'द' होता, दोन स्वरांमधे सापडून तो झिजला आणि त्याजागी 'ह' आला. दोघांनी आपापल्या घरी आपापल्या कारणाने केलेली गोष्ट, दिसायला सारखी निघाली. उसना घेतलेला शब्द असा वागत नाही. आजोबा एक, नातवंडं वेगवेगळ्या गावात वाढली, एवढंच.

हे झालं तुकड्यांचं. पण तुकडे जुने म्हणून शब्द जुना होत नाही, आणि ही गोष्ट लोक सर्रास विसरतात. सादी-हाफिज या जुन्या फारसी कवींना कुणी 'तरानहादे' म्हटलं असतं तर ते बघत बसले असते. मुळात मॅट्रिक्स हीच कल्पना नावानिशी आली १८५० मध्ये, सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितीने हा शब्द वापरला तेव्हा, आणि १८५८ मध्ये आर्थर केली या दुसऱ्या इंग्रज गणितीने मॅट्रिक्सवरचा मोठा निबंध लिहिला त्यात ओळी-स्तंभ अदलाबदलीचं प्रकरण आहे. इंग्रजीने नि फ्रेंचने लॅटिनचा 'ट्रान्सपोनेरे' घेतला, ट्रान्स म्हणजे पलीकडे आणि पोनेरे म्हणजे ठेवणे. इराणी लोकांनी काय केलं, तर लॅटिन शब्दाचे दोन स्क्रू काढले आणि प्रत्येक सुट्ट्या भागाला आपल्या गोदामातला जोड भाग लावला, ट्रान्सला तरा आणि पोझला नहादे. त्यामुळे शब्दाचं हाडमांस इराणी असलं तरी सांगाडा लॅटिनचा आहे. मूळ कुठलं असं विचारलं की मी दोन्ही सांगतो, एकच सांगितलं तर अर्धवट होतं.

हा 'तरा' उपसर्ग तिकडे चांगला चालला, बरं का. ट्रान्सपोर्टला 'तराबरी', त्यातला 'बर' म्हणजे वाहून नेणे, आपला भृ, भार. त्यांच्या रस्ते नि वाहतूक मंत्रालयाच्या नावात हा शब्द कित्येक वर्षं होता. जीएम पिकांना म्हणतात 'तरारीख्ते', आणि हा शब्द अगदी टीव्हीच्या बातम्यांत भाजीवाल्याच्या तोंडी पण सापडेल. त्यातला रीख्ते म्हणजे ओतलेलं, आणि उर्दू शायरीला जे 'रेख्ता' म्हणतात तेच ते. जनुकं इकडून तिकडे ओतलेली. छान शब्द आहे, मला तरानहादेपेक्षाही आवडतो.

आता मोठा मुद्दा. तुम्ही नोट्स पुढे वाचल्या असतील तर लक्षात आलं असेल की सगळे शब्द असे घरगुती बनावटीचे नाहीत. फारसी गणित म्हणजे तीन थर असलेला खडक आहे आणि शब्द कुठल्या थरातला ते ओळखता आलं की निम्मं काम होतं.

सगळ्यात खालचा थर अरबी. इराणातले मोठमोठे गणिती ख्वारिज्मी, खय्याम, यांनी बीजगणित लिहिलं ते अरबीत, कारण त्या काळी विद्येची भाषा ती होती, जशी इथे संस्कृत. म्हणून आजही लिनियर अल्जेब्राला 'जब्र-ए खत्ती' म्हणतात, दोन्ही शब्द अरबी, आणि तो खत म्हणजे रेघ, लिखाण, आपल्या खरेदीखत-मृत्युपत्रवाल्या वकिलाच्या कपाटातलं खत तेच. ओळीला 'सत्र', अरबी. कर्णाला 'कोत्र', अरबी, आणि गंमत म्हणजे वर्तुळाच्या व्यासालाही हाच शब्द, त्यामुळे नवशिका गोंधळतो. रँकला 'रोत्बे', म्हणजे आपला रुतबा. ट्रेसला 'असर'. सिमेट्रिकला, म्हणजे ट्रान्सपोज केला तरी तसाच राहणाऱ्या मॅट्रिक्सला, 'मोतकारेन', आणि यावर मला जरा रेंगाळायचंय.

मोतकारेनचं मूळ आहे क-र-न, जोडीला असणे, सोबत असणे. त्याच मुळापासून 'करीने', आणि इराणी शाळेत एखाद्या संख्येची 'करीने' म्हणजे तिची विरुद्ध चिन्हाची संख्या, पाचची करीने उणे पाच, शून्याच्या पलीकडे आरशात दिसणारी जोडीदार. आता इतिहासाची आवड असलेल्या मराठी माणसाच्या कानात काहीतरी वाजलं असेल. जेधे करीना! घराण्याची हकिकत, वतनाचा इतिहास सांगणारा कागद, तो करीना. फारसीतून आपल्याकडे येताना संगती, हकिकतीचा क्रम असा अर्थ धरून बसला आणि तिकडे इराणात जोडी, सिमेट्री असा अर्थ पुढे गेला. म्हणजे कान्होजी जेध्यांच्या घरचा कागद आणि सिमेट्रिक मॅट्रिक्स हे एका मुळाचे निघाले, मी तासाला हे सांगतो तेव्हा शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करतात.

मधला थर फ्रेंच. १८५१ मध्ये तेहरानात दार-उल-फनून सुरू झालं, अमीर कबीरच्या पुढाकाराने, तिथे युरोपातून मास्तर आणले, शिकवणं बरंचसं फ्रेंचमधून, पुढे हुशार पोरं पॅरिसला. त्यामुळे आधुनिक गणित इराणात आलं ते फ्रेंच उच्चार घेऊन. मॅट्रिक्स नाही, 'मात्रीस', फ्रेंचसारखं. डिटर्मिनंट नाही, 'देतेर्मीनान', शेवटचा नाकातला फ्रेंच उच्चार फारसीत 'आन' होऊन बसला. हे शब्द आजही तसेच चालतात, कुणी हलवले नाहीत. मात्रीस मुळात लॅटिन 'माता' वरून, गर्भाशय या अर्थी, आणि फारसीत आईला 'मादर' म्हणतातच, म्हणजे हवं असतं तर घरचा शब्द करता आला असता, पण केला नाही. आपल्याकडे दहावीच्या पुस्तकात डिटर्मिनंटला निश्चयक आहे आणि क्रेमरच्या पद्धतीपुरता तो सगळ्यांना आठवतो, अकरावीला सायन्सला गेलं की पुन्हा डिटर्मिनंट. तिकडे उलटं, पीएचडीपर्यंत फारसीतच, पण शब्द देतेर्मीनान.

वरचा थर घडवलेल्या शब्दांचा. १९३५ मध्ये रझा शाहच्या काळात पहिली फरहंगेस्तान म्हणजे भाषा अकादमी निघाली, अरबी आणि युरोपीय शब्दांच्या जागी फारसी शब्द बसवायचे हा उद्योग सरकारी पातळीवर सुरू झाला, मधे बंद पडला, पुन्हा सुरू झाला, आजही चालू आहे. आपल्याला यात नवल वाटायला नको, शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तो याच जातीचा उद्योग, फक्त तिथे बाहेर काढायचे होते ते फारसी शब्द! आणि घडवण्याची हौस इराणातही नवीन नाही, बेरूनीने १०२९ मध्ये तफहीम लिहिलं त्याची फारसी आवृत्तीही आहे, इब्न सीनाने फारसीत दानिशनामा लिहिलं तेव्हा त्यालाही ठिकठिकाणी फारसी शब्द बनवावे लागले होते. तरानहादे या वरच्या थरातला. यातच 'बोर्दार' म्हणजे व्हेक्टर, बोर्दन म्हणजे वाहून नेणे, लॅटिनमध्येही व्हेक्टर म्हणजे वाहून नेणाराच. 'हमानी' म्हणजे आयडेंटिटी, 'हमान' म्हणजे तेच, आणि तो 'हम' म्हणजे संस्कृतचा 'सम', सप्ताहाचा हप्ता होतो त्याच न्यायाने.

थर एकमेकांत मिसळतात हेही लक्षात ठेवा. स्क्यू-सिमेट्रिकला, म्हणजे ट्रान्सपोज केला की सगळी चिन्हं उलटतात अशा मॅट्रिक्सला, 'पादमोतकारेन' म्हणतात. मोतकारेन अरबी, आणि पुढचा 'पाद' जुना इराणी, संस्कृतच्या 'प्रति'चा भाऊ, विरुद्ध या अर्थी. विषावरच्या उताऱ्याला फारसीत 'पादजहर', तोच युरोपात जाऊन बेझोअर (विषावर उतारा मानला जाणारा खडा) झाला. म्हणजे एका शब्दात हजार वर्षांचं अंतर असलेले दोन तुकडे शेजारी बसलेत, आणि कुणाला काही वाटत नाही. शुद्धतेवाल्यांना वाटत असेल. मला विचाराल तर भाषा अशीच छान चालते.

आता प्रत्यक्ष वाक्य घेऊ, म्हणजे मजा कळेल. पहिली ओळ १ २ ३, दुसरी ओळ ४ ५ ६ असा दोन ओळी तीन स्तंभांचा मॅट्रिक्स. ट्रान्सपोज केला की १ ४, मग २ ५, मग ३ ६ अशा तीन ओळी. हजेरीपट आडवा होता तो उभा केला, मुख्य कर्णावर आरसा ठेवला असं समजा, १ आणि ५ जागेवरच राहिले. हे इराणी मास्तर साधारण असं सांगेल: 'अगर जाये सत्रहा वो सोतूनहाये मात्रीस रा अवज कोनीम, तरानहादेये आन बे दस्त मीआयद.' घाबरू नका. 'अगर' कळलं. 'जा' म्हणजे जागा, आपला जागा शब्द फारसीतूनच आलाय. 'सत्रहा' म्हणजे ओळी, 'हा' हा अनेकवचनी प्रत्यय. 'सोतून' म्हणजे खांब, स्तंभ, आणि त्याचा संस्कृत भाऊ 'स्थूणा'. 'अवज कोनीम' म्हणजे अदलाबदल केली, आणि हा अवज म्हणजे आपल्या 'याच्याऐवजी ते' मधला ऐवज! 'बे दस्त मीआयद' म्हणजे हाती येतं. ओळी आणि खांब यांच्या जागा एकमेकांच्या ऐवजी केल्या की त्याचा तरानहादे हाती येतो. एका अनोळखी भाषेतलं गणिताचं वाक्य, आणि अर्धे शब्द आपल्या स्वयंपाकघरातले.

सोतूनवरून आठवलं, इस्फहानला 'चेहेल सोतून' नावाचा महाल आहे, १६४७ चा, दुसऱ्या शाह अब्बासच्या काळातला. चेहेल म्हणजे चाळीस, आणि पुढच्या मंडपात खांब मोजले तर वीसच भरतात. बाकीचे वीस समोरच्या हौदात, पाण्यातलं प्रतिबिंब. सिमेट्री शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला अजून मिळालेलं नाही. आणि मघाचं बिसोतून, त्याचा लोक 'बे-सोतून' म्हणजे बिनखांबाचं असा अर्थ लावतात, तो चूक आहे, मूळ नाव 'बगस्तान', देवांचं स्थान, भग आणि स्थान. म्हणजे खुद्द इराणातही लोक शब्दाची फोड चुकीच्या जागी करतात, माझं तराने-आदे काही जगावेगळं नव्हतं.

असे खड्डे आपल्या वाटेवर बरेच आहेत म्हणून दोन-तीन दाखवून ठेवतो. स्क्वेअर मॅट्रिक्सला 'मात्रीस-ए मोरब्बई' म्हणतात. ऐकल्या ऐकल्या मराठी माणूस मुरांब्याकडे वळतो. काही संबंध नाही, मुरब्बा वेगळ्या अरबी मुळाचा, आणि मोरब्बईच्या शेवटी 'ऐन' हे अक्षर आहे, चार या अर्थाच्या मुळातून आलेलं. दुसरा खड्डा 'वारून', म्हणजे इन्व्हर्स. वरुणदेवाशी याचं काही नाही, याचं जुनं रूप 'अबारोन', उलट्या दिशेचं. मला एकाने व्हॉट्सॅपवर वरुणाचा जलचक्राशी संबंध लावून मोठा मेसेज पाठवला होता, मी नुसता अंगठा दाखवला. तिसरा, 'बोर्दार' बघून हुकूमबरदारमधला 'बरदार' आठवतो, पण तो 'बर-दाश्तन' म्हणजे उचलून धरणे यातला, बोर्दार मात्र 'बोर्द' अधिक 'आर', खरीदार जसा 'खरीद' अधिक 'आर' तसा. दिसायला जुळे, घरं वेगळी.

नुसतं कानाला सारखं लागलं की थांबायचं, आधी फारसीत कसं लिहितात ते बघायचं, मग मधली जुनी रूपं मिळतात का बघायची, आणि शब्द कधीचा आहे ते विचारायचं. शेवटचा प्रश्न लोक विचारतच नाहीत आणि तिथेच घोटाळा होतो.

खरे जुळणारेही आहेत, निराश होऊ नका. अ‍ॅरेला फारसीत 'आराये', मॅट्रिक्स म्हणजे संख्यांचा आराये, आरास्तन म्हणजे सजवणे, नीट मांडणे, यातून. आणि आपण गणपतीत करतो ती आरास त्याच घरची. प्रोग्रामिंग शिकवताना मी पोरांना सांगतो की अ‍ॅरे म्हणजे मेमरीत केलेली आरास, त्यांना ते पाठ होतं. तेहरानात ब्यूटी पार्लरला आरायेशगाह म्हणतात, तेही तेच. मॅट्रिक्समधल्या एका नोंदीला 'दराये', आत आलेली, एंट्री.

आणि मला सर्वात लाडका 'जायगश्त', म्हणजे पर्म्युटेशन, घटकांच्या जागा बदलून केलेली मांडणी. जाय म्हणजे जागा, गश्त म्हणजे फिरणं, पोलिस घालतात ती गस्त. जागांची गस्त! पर्म्युटेशन म्हणजे दुसरं काय असतं हो. याच प्रकरणात दोनच घटकांची अदलाबदल असते तिला इंग्रजीत ट्रान्सपोझिशन म्हणतात, आणि तुमच्या सहकाऱ्याच्या नोट्समध्ये पुढे कुठेतरी 'तरानहेश' असा शब्द दिसेल तो हा. तरानहादे म्हणजे ट्रान्सपोज केलेला मॅट्रिक्स, तरानहेश म्हणजे ती अदलाबदलीची क्रिया. या 'एश'ला घाबरायचं नाही, बख्शेशचं आपण बक्षीस केलं, सेफारेशची शिफारस केली, फर्मायेशची फर्माईश केली, तोच प्रत्यय. इंग्रजीत ट्रान्सपोज आणि ट्रान्सपोझिशन यात पोरांचा गोंधळ होतो, फारसीत नाम बदललं की प्रत्यय बदलतो आणि काम वेगळं हे लगेच कळतं. या बाबतीत मी फारसीला पैकीच्या पैकी देतो.

अरबांनी मात्र वेगळी वाट धरली. ते मॅट्रिक्सला 'मस्फूफा' म्हणतात, रांगेत लावलेली, आणि ट्रान्सपोजला 'मनकूल', हलवलेला, नेलेला. न-क-ल हे मूळ, म्हणजे आपली नक्कल. मराठी माणसाला मनकूल म्हटलं तर कॉपी केलेलं वाटेल आणि तो चुकेल. तुर्कांनी मॅट्रिक्सला फ्रेंचच ठेवलं पण ट्रान्सपोजला 'देव्रिक', उलटवलेला. खरं सांगायचं तर होतं ते उलटवणंच, कर्णाभोवती पालथं घालणं, त्यामुळे चित्र तुर्कांचं जास्त बरोबर आहे. हिंदीत 'परिवर्त' केलाय, तोही बराचसा त्याच अंगाचा. तरानहादेत पालथं घालणं दिसत नाही, ते लॅटिनशी इमानदार राहिले, चित्राशी नाही. आणि इराणी पोरं घाईत 'त्रान्सपोज' असंच म्हणतात, हे तुमच्या सहकाऱ्याला विचारा, कबूल करेल.

राहता राहिलं तुम्ही शेवटी विचारलेलं, की देवनागरीत तरानहादे लिहायचं की तरानहादा. आजचा इराणी उच्चार शेवटी 'ए' आहे, म्हणून नोट्सबद्दल बोलताना तरानहादे लिहा, आणि आघात शेवटच्या 'दे'वर, 'न' वर जोर दिलात तर त्यांना कळायला एक क्षण लागतो. पण आपल्याकडे जुन्या काळी जे फारसी शब्द आले त्यांचा हा शेवटचा 'ए' आपण 'आ' केला, कारण हिंदुस्थानातली फारसी तशीच बोलली जायची. बस्ते म्हणजे बांधलेलं, त्याचा लग्नाचा बस्ता झाला. पर्देचा पडदा. पोख्ते म्हणजे शिजलेलं, त्याचा तर शेपूट तुटून पोक्त झाला, पोक्त माणूस म्हणजे शिजून निघालेला माणूस. नहादे आणि बस्ते आणि पोख्ते तिन्ही व्याकरणाने एकाच जातीचे, भूतकाळी विशेषणं. तेव्हा हा शब्द पेशवाईत कुणा फडणिसाच्या दप्तरात आला असता तर नक्की 'तरानिहादा' झाला असता, आणि आज कुणीतरी तो 'तराणा'वरून आलाय असं छातीठोक सांगत असतं.